तेरेझाबायच्या परसातली टाकी

मालवणच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते त्या अंगाला तेरेझा फर्नांडिसचं घर आहे. वाडीतले हिंदू आणि ख्रिस्ती, दोघंही तिला तेरेझाबाय म्हणतात. तिचा नवरा कॉस्मे ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. घरामागचं संडास-न्हाणीघर त्यानं स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, आणि त्याच्याही मागं, माडांच्या पलीकडं, मैल्याची चिरेबंदी टाकी. कॉस्मे गेल्यावर त्याची हत्यारं पुतण्यानं नेली, जाळं कुणी शेजाऱ्यानं नेलं. टाकी आणि तिच्यापर्यंत जाणारी सांडपाण्याची वाट तेवढी तेरेझाच्या वाट्याला आली.

ती वाट ती मनापासून सांभाळायची. मासे कापले की खवले केळीच्या बुंध्याशी. खोबऱ्याचं दूध काढून उरलेला चोथा कोंबड्यांना. तव्यावरचं तेल कागदानं पुसून मगच तवा मोरीत. न्हाणीघर कुणी वापरत नसलं तरी तिथं अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचं, म्हणजे जाळीखालच्या पाइपाचा बाक कोरडा पडत नाही आणि टाकीतली हवा घरात शिरत नाही. पावसाळा संपला की ती चेंबरची झाकणं पहारीनं उचलायची, बांबूच्या लांब कामट्या सारायची, माडाची बारीक मुळं आत घुसली असतील तर ओढून काढायची. लोकांना त्याची किळस यायची. तिला नाही यायची. तुंबलेल्या पाण्याची मात्र तिला भीती वाटायची, आणि ती भीती कशापायी होती ते घरातल्यांना ठाऊक होतं.

तेरेझाचं माहेर विजयदुर्गाकडचं. तिचा थोरला भाऊ इनास एका ट्रॉलरवर कामाला होता. बोट बरेच दिवस बंदरात उभी होती आणि मासळीच्या खणात खाली राहिलेला माल सडला होता. तो साफ करायला एक खलाशी उतरला आणि सडण्यातून साठलेल्या हवेनं आतच कोसळला. इनासनं वरून बघितलं, हाक मारली, आणि मागचापुढचा विचार न करता शिडीवरून खाली गेला. दोघांनाही दोरानं वर काढलं तेव्हा दोघंही गेलेले होते. चर्चमध्ये पाद्री इनासच्या धाडसाबद्दल बोलले, गावानंही त्याला शूर म्हटलं. तेरेझाची आई शेवटच्या बाकावर बसून होती. त्यानंतर मरेपर्यंत तिनं घरात मासे शिजवले नाहीत.

कॉस्मेला ती हवा माहीत होती. परसातल्या टाकीजवळ तो तेरेझाला म्हणाला होता, "खणातली नि टाकीतली हवा एकाच जातीची. वास येता तवसर बरां. येणारो वास एकदम गेलो, तर समज नाकच मेलां. मगे थंय थांबू नको."

त्यांचा मुलगा क्लाइव्ह बरीच वर्षं जहाजावर होता. मग त्याला घरी राहावंसं वाटलं. वाडीत तेव्हा घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघत होत्या. स्कूबा करायला येणारे, किल्ला बघायला येणारे, नुसतेच मासे खायला येणारे, सगळ्यांनाच राहायला जागा हवी असायची. क्लाइव्ह आणि त्याची बायको सँड्रीना यांनीही घराच्या मागच्या अंगाला दुमजली खोल्या काढल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर जोडून. काम निलेशला दिलं. निलेश शेजारच्या वाडीतला, क्लाइव्हबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला. फरशी बसवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. दोन फरश्यांच्या सांध्यावरून नख फिरवलं तर अडकायचं नाही.

सगळ्या खोल्यांचे पाइप त्यानं जुन्याच वाटेला जोडले. टाकी मोठी करायला हवी, असं तेरेझा म्हणाली. क्लाइव्ह म्हणाला, पुढल्या वर्षी बघू. मग गच्चीशेजारून वर गेलेला टाकीच्या हवेचा पाइप निलेशनं कापून टोपण मारलं, कारण वरच्या गॅलरीतून खाडी बघताना तो मधे यायचा. शेवटी परसात रंगीत ठोकळ्यांची फरसबंदी झाली. तिच्याखाली चेंबरं गेली, टाकीचं झाकणही गेलं. तेरेझा त्या दिवशी चर्चच्या सणाला, फेस्ताला गेली होती. परत आली तेव्हा परस स्वच्छ, सपाट आणि लाल-राखाडी झालेलं होतं.

"झाकणां खंय गेली?" तिनं विचारलं.

"खालीच आसत, मांय," सँड्रीना म्हणाली. "पाहुणे काय झाकणां बघूक येतत?"

निलेश हसला. "बाय, तुका कामट्यो सारूच्यो नाय लागूच्यो आता. पाइप मोठे घातलंय."

तेरेझा त्यावर काही बोलली नाही. तिच्याच मुलाचं घर होतं, त्याच्या मित्राचं काम होतं. तिनं एवढंच केलं, की टाकी जिथं असावी असं तिला वाटत होतं तिथं तुळस लावतात तेवढी एक कुंडी आणून ठेवली. सँड्रीनानं ती दुसऱ्या दिवशी पायऱ्यांशी नेली, तिथं शोभत होती म्हणून.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात घर आवाज करायला लागलं.

आधी स्वयंपाकघरातली मोरी. वरच्या खोलीत कुणी संडासात पाणी सोडलं, की मोरीच्या भोकातून घोट गिळल्यासारखा आवाज यायचा. मग न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे. तेरेझा हातातलं काम टाकून ऐकत राहायची. पाहुण्यांना ते गमतीचं वाटायचं. एका पोरीनं तर मोरीजवळ फोन धरून आवाज भरून घेतला. खोल्यांमधल्या कचऱ्याच्या डब्यांवर 'इथेच टाका' अशा पाट्या लावूनही पाहुणे ओले टिश्यू आणि काय काय संडासातच सोडत होते. सँड्रीना रोज हात जोडून सांगायची. नवीन पाहुण्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं.

मग वास आला. सतत नाही, मधूनच, सडक्या अंड्यासारखा. सँड्रीना उदबत्त्या लावायची, जाळीत फिनेल ओतायची. परसाच्या एका कोपऱ्यात ठोकळ्यांच्या फटींतून गवत उगवलं, आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना तेवढंच हिरवंगार. आणि एक दिवस सँड्रीनानं खालच्या न्हाणीघरात विसरलेली चांदीची साखळी हातात घेऊन दाखवली. ती काळी पडली होती, जळल्यासारखी.

"खारी हवा," क्लाइव्ह म्हणाला.

"खारी हवा माझ्या लग्नापासून आसा," तेरेझा म्हणाली. "माझी चांदी कधी अशी काळी पडली नाय."

क्लाइव्हनं निलेशला फोन केला. निलेशनं येऊन मशीननं पाइप धुऊन दिले, पाणी चार दिवस सुरळीत गेलं आणि पुन्हा तुंबलं. विहिरीच्या पाण्यातही तेरेझाला काहीतरी वेगळं लागत होतं. काय ते तिला सांगता येईना. इथली जमीन जांभ्याची, चाळणीसारखी भोकाभोकाची, हे तिला ठाऊक होतं. ती न बोलता पिण्याचं पाणी उकळायला लागली आणि पाहुण्यांना बाटल्या विकत आणून द्यायला सँड्रीनाला भाग पाडलं.

दिवाळीच्या सुट्टीत घर भरलेलं होतं. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि जमीन अजून पाण्यानं जड होती. खाडीला उधाणाची भरती होती. सकाळी खालच्या दोन्ही खोल्यांतले संडास एकदम वर आले. काळं पाणी उंबरठा ओलांडून बाहेर फरशीवर पसरलं. पाहुणे सामान घेऊन रस्त्यावर उभे राहिले. क्लाइव्हनं मैला उपसणारा टँकर बोलावला आणि निलेशलाही. निलेश मोटारसायकलवरून आला तो उतरतानाच म्हणाला, "माझीच चूक रे. मीच झाकण पुरलंय."

टाकी नेमकी कुठं ते त्यालाही सांगता येईना. तेरेझा माडापासून पावलं मोजत गेली आणि त्या हिरव्या गवतावर उभी राहिली. तिथले ठोकळे उचकटले, वाळू सारली, आणि खाली झाकण निघालं. ते उचललं तेव्हा जवळ उभे असलेले सगळे तोंडावर हात घेऊन मागं सरले. वास इतका जड होता की डोळ्यांतून पाणी आलं.

टँकरवाला दत्ताराम कुडाळकडचा होता. त्यानं जाड पाइप आत सोडला आणि सगळ्यांना बजावलं, "आत कोणी उतरूचां नाय. काय असात ता भायरसून." मशीन सुरू झालं. पाणी खाली खाली गेलं, गुडघाभर गाळ राहिला. तरी खोल्यांमधलं पाणी हलेना. घराकडून येणारा पाइप टाकीत जिथं उघडतो, तिथंच चिंध्यांचा बोळा बसला होता. वरून बॅटरी मारली की तो दिसत होता, राखाडी, सुजलेला. निलेशनं बांबूनं ढोसून बघितलं. बांबू पोहोचत होता, पण बोळा सुटत नव्हता. तळातला गाळ मात्र ढवळला जात होता.

दत्ताराम मशीन बंद करायला रस्त्यावर गेला. क्लाइव्ह पाहुण्यांशी बोलत होता. तेरेझा माडाखालच्या कट्ट्यावर बसली होती. तिनं निलेशला टाकीच्या कडेवर वाकून हुंगताना पाहिलं.

"वास गेलो बघ, बाय," तो म्हणाला. "सगळी घाण उपसली. आता पट्कन हातान काढतंय."

तेरेझा उठली. "निलेश, थांब."

तिनं हाक मारेपर्यंत त्यानं शिडी सोडली होती. ती धावली, पण तिच्या वयाला जमेल तसं. ती पोहोचली तेव्हा तो खाली उभा होता, एक हात बोळ्याकडं नेलेला. त्यानं वर बघितलं, काहीतरी विसरल्यासारखं. मग त्याचे गुडघे वाकले आणि तो चिऱ्याच्या भिंतीला पाठ घासत खाली बसला. मान छातीवर पडली. तोंड गाळाच्या वर होतं, एवढंच तिला दिसलं.

ती ओरडली. क्लाइव्ह धावत आला, आत बघितलं, आणि चप्पल काढून एक पाय शिडीवर टाकला. तेरेझानं त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि स्वतः जमिनीवर बसली, सगळा भार खाली सोडून.

"सोड गो, मांय. तो मरतलो."

"सोडूचंय नाय."

"निलेश आसा तो!"

"माका ठाऊक आसा कोण आसा तो. तू उतरलंस तर दोघांक काढूचा लागात."

त्यानं तिची बोटं उलगडायचा प्रयत्न केला. तिचं मनगट पिरगाळलं गेलं, ती तरी सोडेना. दत्ताराम पळत आला. त्यानं एका नजरेत काय ते ओळखलं आणि क्लाइव्हला खांद्याला धरून मागं ओढलं. "बाय बरोबर सांगता. पहार दी माका. शेजारची लादी उचलूया, हवा जावंदे आत."

दोघं लादीला भिडले. तेरेझा जमिनीवरच होती. तिनं सँड्रीनाला हाक मारली. "अजयाकडे धाव. खाडीर आसा तो, बोटीर. पाण्यात बुडी मारताना पाठीर घेतत तो सिलिंडर घेवन ये म्हणान सांग. मास्क पण. दोर पण."

अजय त्यांचाच शेजारी, पर्यटकांना समुद्राखाली नेणारा. सँड्रीना अनवाणी पळाली. मग वाट बघणं आलं. लादी उचलली गेली, आत उजेड पडला. निलेश तसाच बसलेला होता. त्याच्या तोंडातून घोरल्यासारखा आवाज येत होता. मग तो आवाज मधे मधे थांबायला लागला. क्लाइव्ह टाकीच्या काठावर पालथा पडून त्याला नावानं हाका मारत होता, शाळेतल्या टोपणनावानं, शिव्या देऊन. पाहुण्यांतली एक बाई रडत होती. दत्तारामनं दोराचा फास करून खाली सोडला, पण तो खांद्यावरून घसरत राहिला. तेरेझा जपमाळेसाठी खिसा चाचपत होती. मग तिच्या लक्षात आलं, की आपला एक हात पुन्हा क्लाइव्हच्या पट्ट्यात अडकवलेला आहे.

अजय आला तो सिलिंडर पाठीवर घेऊन, माडांमधून पळतच. त्यानं मास्क चढवला, नळी दातांत धरली, कमरेला दोर बांधून दत्तारामच्या हातात दिला आणि उतरला. खाली त्यानं निलेशच्या काखेतून दोर घातला. वर चौघांनी ओढलं. निलेश बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. अजयनं त्याला कुशीवर वळवून तोंड साफ केलं आणि सिलिंडरची नळी त्याच्या नाकातोंडाशी धरली. बऱ्याच वेळानं तो खोकला.

आधी सरकारी दवाखान्यात आणि तिथून गोव्याच्या इस्पितळात नेलं. निलेश जगला.

पण जो परत आला, तो पहिला निलेश नव्हता. माणसं ओळखायचा, नावं विसरायचा. हात थरथरायचे. फरशी बसवायला घेतली की लेव्हल हातात धरून नुसताच बघत बसायचा. त्याची बायको अनुजा कामाला लागली, काजूच्या कारखान्यात. आणि वाडीवाडीतून बोललं जाऊ लागलं: मित्र खाली मरत होता आणि क्लाइव्ह काठावर होता. आईनं धरून ठेवलं म्हणे. एवढा मोठा बाप्या, आईनं धरलं म्हणून थांबला.

हे क्लाइव्हच्या कानावर आलं. तो आईशी बोलेनासा झाला. ती समोर आली की ताट उचलून आत जायचा. खोल्या बंद होत्या, परस उकरलेलं होतं, आणि घरात तिघं जण तीन कोपऱ्यांत. तेरेझाच्या मनगटाची सूज उतरली, पण बोटं नीट मिटत नव्हती. सँड्रीना तिला भाकरी मोडून द्यायची. एकदा सँड्रीना म्हणाली, "मांय, तू धरलंस तो माझो घोव आसा म्हणान मी तुका काय बोललंय नाय. पण अनुजा भेटली बाजारात. तिणा तोंड फिरवल्यान."

"फिरवू दी," तेरेझा म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी ती अनुजाकडं गेली.

अनुजा दारात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. "तुमच्या झिलाक उतरूक दिलां असतां, तर लवकर भायर काढल्यान असतो," ती म्हणाली. "डाक्टर म्हणाले, जितको वेळ आत, तितका डोक्याक वाईट."

"लवकर काढल्यान नसतो, बाय," तेरेझा म्हणाली. "तुझ्या घोवाच्या अंगार पडलो असतो. माझो भाव असोच गेलो. लोकांनी त्याका शूर म्हटल्यानी. माझ्या आवशीक त्या शब्दाचो काय उपयोग झालो नाय." मग ती म्हणाली, "पण माझी चूक आसा. झाकण पुरल्यानी तेव्हा मी गप रवलंय. तेव्हा बोलूक होयां होतां, आडवां पडूक होयां होतां. ता मी केलंय नाय."

अनुजानं दार लावून घेतलं नाही. आतून निलेशनं विचारलं कोण आलंय, तेव्हा ती म्हणाली, "क्लाइव्हाची आवय." निलेश बाहेर आला, तेरेझाकडं बघून ओळखीचं हसला आणि तिला बसायला पाट दिला. टाकीचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

ती परत आली तेव्हा क्लाइव्ह उंबरठ्यावर होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, अनुजा काय बोलली तेही. "मांय, इनासमामाक कोणी धरूक नाय होतां?" त्यानं विचारलं.

"होती चार माणसां. कोणाच्या ध्यानात इलां नाय."

त्या रविवारपासून क्लाइव्ह निलेशकडं जाऊ लागला. तो त्याला बाहेर फिरवून आणायचा, कधी खाडीवर, कधी कुणकेश्वरला. घरातली सगळी वाट त्यानं नव्यानं घातली. टाकी विहिरीपासून लांब, रस्त्याच्या अंगाला, आतून सिमेंटचा गिलावा केलेली. झाकणं उघड्यावर, लोखंडी पट्टीची, आणि खाली जाळी, म्हणजे चुकून कुणी पडणार नाही. हवेचा पाइप गच्चीच्याही वर. गॅलरीतून तो दिसतोच, सँड्रीनानं आता त्याची सवय करून घेतली आहे. विहिरीचं पाणी तपासायला दिलं ते खराब निघालं. जुन्या टाकीतलं सगळं जांभ्यातून झिरपत गेलं होतं, आणि एकट्या त्यांच्याच विहिरीत नाही.

त्यानंतर तेरेझा वाडीत घरोघर जाऊ लागली. कुणाकडं काही मागायचं नसायचं. ती चहा घ्यायची, पोरांची चौकशी करायची आणि विचारायची, "तुमच्या टाकयेचां झाकण खंय आसा?" काहींना ठाऊक असायचं. बहुतेक जण परसाकडं बघायचे आणि एकमेकांकडं बघायचे. एकाच्या झाकणावर झोपाळ्याचा खांब रोवलेला होता. एकाकडं त्यावर स्वयंपाकघर वाढवलेलं होतं. सगळे मान डोलवायचे. निलेशचं नाव निघालं की आवाज खाली यायचा. काम मात्र कुणी काढलं नाही. हंगाम तोंडावर होता.

रस्त्याच्या टोकाला सुशांतच्या नव्या कॉटेजेस आहेत. तेरेझा तिथं गेली तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. सुशांतनं तिला मानानं खुर्ची दिली.

"आमची टाकी ऑफिसाच्या खाली, बाय. मजबूत काम आसा. कसलोच त्रास नाय."

"उपसतंस कधी?"

"अजून गरज पडली नाय."

ती बोलत असताना आतल्या न्हाणीघरातून कुणीतरी पाणी सोडलं. काउंटरच्या मागं, फरशीच्या जाळीत, घोट गिळल्यासारखा आवाज आला. सुशांत पाहुण्यांना किल्ल्या देत होता, त्यानं तो ऐकला नाही. तेरेझानं त्याला हाक मारली आणि जाळीकडं बोट दाखवलं. तो हसला, म्हणाला, "असो आवाज करता तो कधी कधी. मे म्हयनो संपलो की बघतंय."

"तवसर कोण खाली उतरलो तर?"

"कोण उतरतलो, बाय?"

तिनं चहा तसाच ठेवला. घरी येऊन तिनं क्लाइव्हला पहार काढायला सांगितली आणि दत्तारामला फोन लावायला. सुशांत काय म्हणेल ते म्हणो, संध्याकाळच्या आत त्याचं ऑफिस रिकामं करून फरशी उचकटायची आणि टाकी बाहेरूनच उपसून घ्यायची, असं ती म्हणाली. क्लाइव्हनं तिच्या न मिटणाऱ्या बोटांकडं बघितलं आणि सिलिंडर घेऊन ये म्हणून अजयलाही फोन लावला.